धोत्र्याला परवाना लागत नाही

साताऱ्याहून एका शिक्षकांनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. शाहूपुरीत एका घराच्या गच्चीवर दर रविवारी पहाटे अकरा जण ध्यानाला बसतात, दोन वर्षं झाली. गटातल्या तिघा तरुणांनी 'ब्लू लोटस'ची दोन पाकिटं ऑनलाइन मागवली आहेत. येत्या महाशिवरात्रीला कासच्या वाटेवरच्या एका फार्महाऊसवर रात्रभर बसायचं, आधी भांग आणि मग या निळ्या कमळाचा काढा, असा बेत शिजतोय. "सगळं कायदेशीर आहे, वनस्पतीच आहेत, आणि आपल्या परंपरेतलंच आहे," असं पोरांचं म्हणणं. सरांनी शेवटी लिहिलंय, "ताई, तुम्ही सांगलीत काढा देऊन गट बसवता असं ऐकलं. आम्ही हे कसं करावं?"

सर, ऐकलं ते खरं आहे, पण अर्धं. मी आयुर्वेदाची पदवी घेऊन सत्तावीस वर्षं सांगलीत दवाखाना चालवते. हरिपूरला संगमाजवळ एका ओळखीच्यांच्या सोप्यात शनिवारी पहाटे आमचा गट बसतो, त्याला एकोणीस वर्षं झाली. काढा असतो. पण त्यात काय असतं आणि काय नसतं हे ऐकलंत तर तुमची पोरं बहुधा निराश होतील. होऊ देत.

पोरांनी तीन गोष्टी एका दमात म्हटल्यात. कायदेशीर, वनस्पती, परंपरा. या तीन गाठी वेगवेगळ्या सोडवाव्या लागतील.

आधी कायदा, कारण तो लवकर आटपतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती सुटली, हे पोरांनी बरोबर वाचलंय. पण तेवढ्यावर थांबले. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि त्यात भांग ही मादक वस्तू धरली आहे. परवान्याशिवाय ती बाळगणं, विकणं, पिणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. उत्तर भारतातल्या सरकारमान्य भांगेच्या दुकानाचा फोटो दाखवून साताऱ्यात सुटका होत नाही. शिवाय घोटणाऱ्याने पानांबरोबर शेंडेही वाटले, तर तो गांजाच झाला, आणि प्रकरण थेट एनडीपीएसमध्ये गेलं. त्याच कायद्याच्या २५ व्या कलमात, आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणाऱ्या मालकालाही धरलं आहे. फार्महाऊस ज्यांचं आहे त्यांना हे कुणी सांगितलंय का? मला वाटतं, नाही.

आता गंमत बघा. तुमच्या घरापासून हायवेपर्यंत चालत गेलात, तर उकिरड्याच्या कडेला पांढऱ्या कर्ण्यांसारख्या फुलांचा धोत्रा दिसेल. काटेरी फळं लागलेली असतील. महाशिवरात्रीला तीच फळं देवळाच्या दारात टोपलीतून विकायला येतात. त्याला परवाना लागत नाही, कुणी अडवत नाही. आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ध्यानाच्या नावाखाली माणसाचा जीव सर्वांत सहज घेईल अशी वनस्पती कुठली विचाराल, तर तीच. कायदा एक बघतो, शरीर दुसरंच बघतं.

ही मी पुस्तकातून सांगत नाहीये. वीसेक वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका गावात कुणा फिरत्या बाबाने सात-आठ पोरांना 'शिवाचा प्रसाद' म्हणून काहीतरी वाटलं होतं. मला रात्री अकराला बोलावणं आलं. बावीस वर्षांचा एक पोरगा अंगणात उभा राहून हवेतून धागे ओढत होता. एकेक धागा बोटाला गुंडाळायचा, परत ओढायचा. अंग तव्यासारखं तापलेलं पण घामाचा थेंब नाही. जीभ लाकडासारखी कोरडी. बुबुळं इतकी पसरलेली की डोळ्यांचा रंगच कळेना. समोर आई उभी होती, तिला ओळखत नव्हता, आणि मेलेल्या आजीशी मात्र व्यवस्थित गप्पा मारत होता. लघवी तुंबून पोट फुगलेलं. त्याला जीपमध्ये घालून मिरजेला नेलं. वाचला. डोळ्यांना नीट दिसायला त्यानंतरही काही दिवस गेले.

आठवड्याभराने मी त्याला विचारलं, काय दिसलं रे? तो म्हणाला, "काहीच आठवत नाही." ज्या अनुभवासाठी त्याने ते गिळलं, तो अनुभव त्याच्याकडे उरलाच नव्हता. धोत्र्यातली अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं भ्रम घडवतात आणि आठवणही पुसतात. शिवाय एका झाडाचं फळ आणि शेजारच्या झाडाचं फळ यांत विषाचं प्रमाण सारखं नसतं, त्यामुळे 'थोडंसं' या शब्दाला तिथे अर्थ राहत नाही. आयुर्वेदात धोत्रा उपविषात मोजलाय. शोधन केल्याशिवाय वापरायचा नाही, आणि कनकासवासारख्या औषधात तो येतो तो दम्यासाठी, समाधीसाठी नाही. देवाला वाहायची वस्तू देवालाच वाहावी.

भांगेचं विष या जातीचं नाही, पण गटासाठी तिचा एक वेगळाच वाईट गुण आहे. ती उशिरा चढते. प्यायल्यावर अर्धा-पाऊण तास काही नाही, कधी दोन तासांपर्यंत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "पाणचट दिसतेय, अजून एक ग्लास घ्या." पहिला ग्लास चढायला आणि दुसरा पोटात जायला एकच गाठ पडते. महाशिवरात्रीचा उपास असतो, पोट रिकामं असतं. छाती धडधडायला लागते, वेळ थांबल्यासारखी वाटते, आणि एकाला वाटतं आपण आता मरणार. तो बोलून दाखवतो. अकरा जणांच्या खोलीत ही भीती एकाकडून दुसऱ्याकडे जांभईसारखी जाते. एकट्याने घेतली असती तर तो निदान झोपला असता. गटाने ज्या गोष्टी वाढतात त्यांत शांतता आहे तशी भीतीही आहे, हे ध्यानवाले सोयीने विसरतात.

ब्लू लोटसचं काय? प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांत दिसतं ते निळं कमळ नायलच्या काठचं. आपल्याकडचं नीलकमळ त्याच कुळातलं, पण जात वेगळी. आणि कुणी सुचवलंच तर आधीच सांगते, कासच्या कुमुदिनी तलावातली पांढरी कुमुदिनी यांपैकी काहीच नाही, आणि कासवरून एक पानही खुडायचं नाही. २०१२ पासून ते पठार जागतिक वारशात आहे, ध्यानाच्या गटाने तरी तिथे चोरी करू नये.

त्या निळ्या फुलाची मला फार भीती वाटत नाही. फुलाच्या पाकळ्यांचा पातळ काढा म्हणजे किंचित सुस्ती, एवढंच. मला भीती पाकिटाची वाटते. २००८ साली युरोपात 'स्पाइस' नावाची उदबत्तीसारखी म्हणून विकली जाणारी पाकिटं तपासली गेली. वेष्टनावर निळ्या कमळासकट सात-आठ वनस्पतींची नावं होती. प्रयोगशाळेत सापडलं ते प्रयोगशाळेतच बनवलेलं, गांज्यासारखं काम करणारं कृत्रिम रसायन, चुऱ्यावर फवारलेलं. वनस्पती म्हणजे फक्त ते शोषून घेणारा पाला. तुमच्या पाकिटात तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण चुरा केलेला, वास मारलेला, 'एक्स्ट्रॅक्ट' असं लिहिलेला माल उघड्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. मलाही येत नाही, आणि मी मुळ्या-पाल्यातच आयुष्य काढलंय. आमच्या गटात यासाठी एक साधा दंडक आहे. जे सबंध ओळखता येत नाही, ते भांड्यात पडत नाही. अख्खं पान, अख्खी मुळी. पूड नाही, थेंब नाहीत, कॅप्सूल नाही.

'वनस्पतीच आहे' या शब्दावर आणखी दोन-तीन गोष्टी, भराभर. जायफळ पुरणात किसतो तेवढंच बरं. कुणी चमचे भरून खाल्लं तर पहिले काही तास काहीच होत नाही, आणि मग मळमळ, धडधड, कोरड, पुढचा दिवसभर डोकं जड. वेखंड बाळाच्या गुटीत असतं म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण आपल्याकडच्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं घातक द्रव्य असतं आणि त्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत चालत नाही. धुरीसाठी मिळणारा हरमल कुणी पोटात घेतला आणि तो माणूस नैराश्याच्या गोळ्यांवर असला, तर दोन्हींची जी गाठ पडते ती जिवावर बेतू शकते. आणि आपल्या लोकांना मनाच्या गोळ्या चालू असल्याचं चारचौघांत सांगायची सवय नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा वाचा. पुढे मी त्यावरच येणार आहे.

परंपरेचा मुद्दा मात्र पोरांनी उगाच काढलेला नाही. आपल्याकडे गोसाव्याची चिलीम आहे, शिराळ्याकडे नाथांचा वावर आहे, सोमरसाला ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल दिलेलं आहे. पतंजलींनी तर योगसूत्रांतल्या कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात सरळ कबूल केलंय: 'जन्मौषधिमन्त्रतपःसमाधिजाः सिद्धयः'. सिद्धी जन्माने येतात, औषधीने येतात, मंत्राने, तपाने, समाधीने येतात. औषधी दुसऱ्याच नंबरावर! मी तरुणपणी हे सूत्र छातीठोकपणे लोकांच्या तोंडावर फेकत असे. मग एका वृद्ध शास्त्रीबुवांनी मला या सूत्रांवरचं व्यासभाष्य उघडून दाखवलं. औषधीची सिद्धी कुठली, तर 'असुरभवनेषु', असुरांच्या घरी, रसायनाने मिळणारी. मी गप्प. बुवा म्हणाले, "आणखी पाच सूत्रं पुढे जा." सहावं सूत्र आहे, 'तत्र ध्यानजमनाशयम्'. त्या पाचांपैकी ध्यानातून घडलेलं चित्त तेवढं अनाशय, म्हणजे मागे गाळ न ठेवणारं.

पतंजली औषधीला खोटं म्हणत नाहीत, बरं का. ती काहीतरी घडवते हे त्यांना मान्य आहे. मागे काय उरतं, एवढंच ते विचारतात. माझ्या एकोणीस वर्षांत मी बैठकीनंतरच्या सोमवारकडे जास्त लक्ष द्यायला शिकले ते यामुळे. बसलेला असताना माणूस काय म्हणतो ते मी लिहून घेत नाही. चार दिवसांनी घरच्यांशी कसा बोलतोय, झोप कशी आहे, पुन्हा तसंच काही हवं म्हणून हुरहुरतोय का, ते विचारते.

गटाने मिळून असलं काही घेण्याचा आधुनिक काळातला गाजलेला प्रयोग १९६२ चा, बॉस्टनमधला. गुड फ्रायडेला एका चर्चच्या तळघरात वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राचे वीस विद्यार्थी बसवले. दहा जणांना सायलोसायबिन हे भास घडवणारं द्रव्य दिलं, जे आपल्याकडे एनडीपीएसच्या यादीत आहे. उरलेल्या दहांना निकोटिनिक आम्ल, ज्याने अंग तापतं आणि काहीतरी होतंय असं वाटतं. सायलोसायबिन घेतलेल्या बहुतेकांना गूढ अनुभव आला आणि तो आयुष्यभर पुरला, अशी या प्रयोगाची ख्याती. पण जवळजवळ पंचवीस वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्या मंडळींना पुन्हा शोधून काढलं, आणि १९९१ मध्ये लिहिलं की त्यांतला एक विद्यार्थी बिथरून बाहेर पळाला होता, त्याला धरून आणून शांत करायचं इंजेक्शन द्यावं लागलं होतं. मूळ अहवालात ते आलंच नव्हतं. डॉक्टर हजर होते, इंजेक्शन होतं, म्हणून निभावलं. कासच्या वाटेवरच्या फार्महाऊसवर रात्री दोन वाजता इंजेक्शन कोण देणार? आणि गाडी काढली तर यवतेश्वरच्या घाटातून खाली कोण आणणार, भांग प्यायलेला?

दुसऱ्यांच्या चुका सांगून झाल्या, आता माझी. सुरुवातीच्या वर्षांत मला तगरीचं, म्हणजे औषधी मुळीचं, बागेतल्या फुलाचं नव्हे, फार कौतुक होतं. मन निवतं, विचार मंदावतात. एका शनिवारी मी चौदा जणांना तगरीचा काढा दिला, सगळ्यांना सारख्याच वाटीने. आठ जण बसल्या बसल्या घोरायला लागले, ते हसण्यावारी गेलं. पण एक काकू उठून घाटाच्या पायऱ्या उतरायला गेल्या आणि तिसऱ्या पायरीवरून कोसळल्या. मनगट मोडलं. नंतर कळलं की त्या रोज झोपेची गोळी घेत होत्या. मी विचारलंच नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, सगळ्यांसमोर, "कुणाला काही औषध चालू आहे का?" असं. त्यांनी मान हलवली होती. सुनेच्या देखत कोण सांगेल?

हरिपूर एके काळी हळदीच्या पेवांचं गाव. जमिनीखाली खोल पेवं खणून त्यांत वर्षानुवर्षं हळद साठवायचे. २००५ च्या महापुरात बरीचशी गेली. तिथल्या जुन्या हमालांना विचारा, पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही. तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू देतात, कारण बंद पेवातल्या हवेने माणूस उभ्या उभ्या कोसळतो. बाहेरून काही दिसत नाही, वासही येत नाही. काकूंच्या मनगटानंतर मी गटात नवीन माणूस घेण्याची रीत याच मापाने बदलली. दोन आठवडे आधी एकेकट्याला दवाखान्यात बोलावते, दार लावून. कुठल्या गोळ्या चालू आहेत? रक्तदाब, साखर, फिट्स, रक्त पातळ करायची गोळी, नैराश्याची गोळी? घरात कुणाला वेड लागलं होतं का, भास होत होते का, कुणी आठवडाभर न झोपता बडबडत होतं का? दिवस गेलेत का? गेल्या वर्षभरात घरात कुणी गेलंय का? या प्रश्नांवर कधी कधी तासभर रडणं होतं. ज्यांच्या रक्ताच्या नात्यात भास-भ्रमाचा आजार आहे, त्यांना मी काहीच पाजत नाही आणि लांब बैठकही देत नाही. त्यांनी नामस्मरण करावं, चालावं, भजनाला यावं. साताऱ्यातून गोंदवलं किती लांब आहे?

तुम्ही म्हणाल, मग काढ्यात असतं तरी काय. सांगते. बहुतेक शनिवारी असते ती अर्धी वाटी कोरी कॉफी. हसू नका. ध्यानासाठी गटाने मिळून घेतलेली, कायद्याने मोकळी, आणि शेकडो वर्षं टिकलेली वनस्पती शोधायची तर तीच आहे. येमेनमधले सूफी पंधराव्या शतकात रात्रीच्या जिक्रसाठी, म्हणजे नामस्मरणासाठी, जागं राहायला ती पीत. बाबा बुदन यांनी तिथून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या अशी कथा आहे, आणि ते डोंगर आमच्या सांगलीहून दक्षिणेला, म्हणजे आम्हाला ती जवळचीच. जपानमधल्या झेन मठांत हेच काम चहाने केलं. कॉफीचा गुण असा की तिच्याकडून कुणी साक्षात्काराची अपेक्षा करत नाही. ती फक्त झापड घालवते. पहाटे पाचला तेवढंच हवं असतं. ज्यांना धडधड होते किंवा पित्त होतं त्यांना नाही.

कधी ब्राह्मी. पण कुठली, ते आधी विचारायचं, कारण आपल्याकडे दोन वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात. गोल, मूत्रपिंडासारख्या पानांची ती मंडूकपर्णी, कारिवणा. बारीक जाड पानांची, पाण्याकाठची, ती नीरब्राह्मी. दोन्ही बऱ्या, पण वेगळ्या. नीरब्राह्मीवर चाचण्या झाल्यात त्या साधारण बारा आठवडे रोज घेऊन. एका सकाळी पिऊन त्याच सकाळी काही उजळत नाही. आम्ही पाच-सात ताजी पानं चावून खातो ती केवळ कडू चव जिभेवर राहावी म्हणून. लक्ष ठेवायला ती चव बरी पडते. जटामांसी मी पूर्वी वापरायची, आता सोडली. हिमालयात उंचावर येते, ओरबाडून ओरबाडून संपत आलीय, आणि तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. आपल्या शांततेसाठी एखादी मुळी जगातून नाहीशी करायची, हे मला पटेना.

आता खरी गोष्ट. सातेक वर्षांपूर्वी मी गटाला सांगून एक खेळ केला. म्हटलं, पुढच्या सहा शनिवारी वाटीत कधी औषधी असेल, कधी नुसता आलं-तुळस-गुळाचा काढा. कधी काय, ते सहा आठवडे झाल्यावर सांगेन. सगळे कबूल झाले. कुणाला सर्वांत खोल बैठक कधी लागली ते ज्याने त्याने वहीत लिहायचं. वह्या उघडल्या तेव्हा सर्वांत जास्त खुणा एका नुसत्या गुळाच्या शनिवारवर होत्या. तो शनिवार मला आठवत होता. रात्रभर पाऊस पडून गेला होता, नदीला लाल पाणी होतं, आणि त्या दिवशी मिरजेच्या एका कारागिराने नवीन जवारी लावलेला तंबोरा आम्ही पहिल्यांदा छेडला होता. हा काही शास्त्रीय प्रयोग नाही, चौदा माणसांच्या वह्या आहेत. पण त्यानंतर मी काढ्यावर कमी आणि तंबोऱ्यावर जास्त खर्च करते. एकत्र बसून, एका सुरात, एका वेळी श्वास सोडत गेलं की मनाला जे होतं, ते तुमच्याच जिल्ह्यात तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी उभ्या रिंगणात हजारो लोकांना होतं. अश्व धावून गेल्यावर त्या धुळीत उभं राहिलेल्या माणसाचे डोळे बघा. त्याने काय घेतलेलं असतं? टाळ.

तरी तुमच्या गटाला काहीतरी 'घेऊन' बसायचंच असेल, तर मी करते तसं करा. एका वेळी एकच वनस्पती, घराघरांत रोज पोटात जाणारी. प्रत्येकाने ती आधी आपल्या घरी, एकट्याने, एखाद्या संध्याकाळी घेऊन बघायची. बैठकीला दोन जण काहीच न घेता बसायचे. आम्ही त्यांना जागल्या म्हणतो, पूर्वी गावात रात्री राखण करायचा तसा. जागल्या डोळे मिटत नाही. पाळी फिरती ठेवायची, नाहीतर नेहमी बिचाऱ्या बायकांनाच जागल्या केलं जातं, हे मी बघितलंय. बैठक पाऊण तास. मग लगेच बोलायचं नाही, आधी खायचं. गरम पोहे, नाहीतर भाकरी-पिठलं. खाल्ल्यावर माणूस परत जमिनीवर येतो. बोलताना आपल्यापुरतं बोलायचं, दुसऱ्याच्या अनुभवाचा अर्थ लावायचा नाही. "तुझी कुंडलिनी जागी झाली" असं कुणी कुणाला म्हणालं की मी त्या माणसाला पुढचे दोन शनिवार भांडी घासायला लावते. आणि पैसे घ्यायचे नाहीत. कॉफी-गुळाचे जेवढे होतील तेवढे डब्यात टाकायचे.

महाशिवरात्रीच्या रात्रीबद्दल वेगळं सांगायला हवं. रात्रभर जागणं हेच एक औषध आहे, फार जोरदार. चार प्रहरांच्या चार पूजा, मधे रुद्र, मधे शांतता, यात पहाटेपर्यंत मन असं पातळ होतं की वर काही ओतायची गरज पडत नाही. पण ज्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येण्याचा आजार आहे, त्यांना एक जागलेली रात्र उन्मादात ढकलू शकते, भांगेशिवायही. साखरेचे रुग्ण उपास आणि जागरण दोन्ही करणार असतील तर त्यांच्या गोळ्यांचं काय, ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. म्हणून माझं म्हणणं, फार्महाऊस नको. तुमच्या गच्चीवरच करा, जिथून घर दहा मिनिटांवर आहे. ज्याला प्रहरानंतर जायचंय त्याने जावं, त्याला कुणी कच्चा म्हणू नये.

आणि पोरांनी तुमच्या माघारी काही घेतलंच, तर हे लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला मंद उजेडात, एका ओळखीच्या माणसाजवळ बसवा. घोळका नको, उपदेश नको. लिंबू, ताक, मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. झोपेला आला तर कुशीवर निजवा, उताणा नको. छातीत दुखलं, फिट आली, अंग तापून कोरडं पडलं, ओळख राहिली नाही, किंवा हाक मारून उठेना, तर १०८ ला फोन. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. उरलेला पाला, फळ, पाकीट, जे असेल ते बरोबर न्या. पोलिसांच्या भीतीने दोन तास घरात काढलेले रुग्ण मी बघितलेत. धोत्र्याच्या रुग्णाला ते दोन तास परवडत नाहीत. आणि काही दिवसांनीही मन ठिकाणावर नाही असं वाटलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

त्या दोन पाकिटांचं काय करायचं हेही तुम्ही विचारलंय. मला पाठवू नका. पोरांनी पैसे घातलेत, त्यामुळे तुम्ही फेकलीत तर ती दुसरी मागवतील. त्यांनाच घेऊन इकडे या. साताऱ्याहून पहाटेची गाडी वेळेत पोचत नाही, शुक्रवारी मुक्कामालाच या, सोप्यात सतरंज्या आहेत. पावणेपाचला दार उघडतं, पाचला लागतं, सहापर्यंत उघडत नाही. कॉफी पाचच्या आधी मिळते, आणि येणाऱ्या शनिवारी जागल्याची एक जागा रिकामी आहे, ती तिघांपैकी सर्वांत उतावळ्याला देऊ.